बसणं पुन्हा शिकताना: घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगतच्या गावांत मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. पेशंट बहुतेक अंगावरून वारं गेलेले, काही खुब्याचं ऑपरेशन झालेले, काही माडावरून किंवा आंब्यावरून पडून मणक्याला मार बसलेले. व्यायाम आटोपून ओटीवर आले की कोणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन येतं, आणि मनातले प्रश्न तिथे बाहेर पडतात. तेच इथे लिहिले आहेत. आजार प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी घातलेली बंधनं आधी पाळा, माझं नंतर.

नुसतं बसण्यात व्यायाम तो कसला?

मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. ते खांद्यांच्या वर तोलून धरायचं, हात पुढे केला की मागचे स्नायू आवळायचे, कोणी हाक मारली की मान वळवूनही पडायचं नाही. ही सगळी कामं धडाचे स्नायू न सांगता करत असतात. हात उचलण्याच्या क्षणभर आधीच पोट आणि पाठ तयार झालेली असते. मेंदूला किंवा मणक्याला इजा झाली की ही न सांगता होणारी तयारी जाते आणि माणूस साधी वाटी उचलायला गेला तरी कलंडतो.

पक्षाघातानंतर पहिल्या काही आठवड्यांत धड कितपत सावरतं, यावरून पुढे चालणं किती जमेल याचा अंदाज बांधता येतो. घरचे मला पहिल्याच दिवशी विचारतात, “चालतील ना?” मी आधी त्यांना पलंगाच्या कडेला बसलेलं बघते.

“पाठ ताठ करा” असं दिवसभर सांगतो, तरी पुन्हा पोक काढतात. असं का?

कारण पाठ ही वरची गोष्ट आहे. पाया खाली आहे.

एकदा स्वतःवर करून बघा. लाकडी बाकावर बसा आणि दोन्ही तळहात कुल्ल्यांखाली सरकवा. दोन टणक हाडं हाताला टोचतील. ती बैठकीची हाडं. आता मुद्दाम ढेपाळून बसा. हाडं पुढे घसरतील आणि वजन मागे माकडहाडाकडे जाईल. तशा अवस्थेत पाठ ताठ करून बघा. होत नाही, आणि झाली तरी चार श्वासांत सुटते. आता कंबर किंचित पुढे घ्या, जणू बेंबी समोरच्या भिंतीकडे न्यायची आहे. पाठ आपोआप वर येते, छाती उघडते, मान सरळ होते.

म्हणून पेशंटला “पाठ ताठ” म्हणण्यापेक्षा “कंबर पुढे घ्या”, “दोन्ही कुल्ल्यांवर सारखं वजन द्या” असं सांगा. सोबत कंबरेच्या मागे, पट्टा येतो तिथे तळहात टेकवून हलकेच पुढे न्या. शब्दांपेक्षा हा हात लवकर समजतो.

कशावर बसवायचं? घरात पलंग आहे, प्लास्टिकची खुर्ची आहे, आजोबांची आरामखुर्ची आहे, झोपाळा आहे.

सुरुवातीला पलंगाची कड सगळ्यात बरी, पण गादी बघून. जुनी कापसाची गादी मधोमध बसलेली असते आणि माणूस त्या खड्ड्याकडे कलतो. सरावाच्या वेळी गादी गुंडाळून बाजूला ठेवा आणि फळीवर घडी घातलेली सतरंजी टाका. काथ्याची घट्ट गादी असेल तर ती चालते.

पाय जमिनीला पूर्ण टेकायला हवेत. यात तडजोड नको. लोंबकळणारे पाय म्हणजे नांगर न टाकलेली होडी. आपल्याकडचे जुने पलंग उंच असतात आणि आज्या ठेंगण्या. पायाखाली लाकडी पाट द्या. एका पाटाने भागलं नाही तर एकावर एक पाट रचू नका, ते सरकतात. त्यापेक्षा एक जांभा चिरा घ्या, गोणपाटात घट्ट गुंडाळा म्हणजे तळवा खरचटणार नाही आणि तो पायाखाली ठेवा. हलत नाही, घसरत नाही, पैसे पडत नाहीत. मांडी जमिनीला समांतर किंवा गुडघ्याकडे अगदी थोडी उतरती, टाचा गुडघ्यांच्या खाली, दोन पायांत वीतभर अंतर.

प्लास्टिकच्या खुर्चीची मला भीती वाटते. ती हलकी असते, गुळगुळीत टाइलवर मागे पळते, आणि पेशंटने एका हातावर भार टाकला की तिचा हात वाकतो. पर्याय नसेल तर भिंतीला टेकवून ठेवा. घट्ट हातांची लाकडी खुर्ची असेल तर तीच वापरा.

आरामखुर्चीबद्दल मनापासून सांगते. माझ्या आजोबांचं अंग गेलं तेव्हा आम्ही त्यांना प्रेमाने तिच्यात बसवून ठेवत होतो, सकाळी आठपासून दुपारपर्यंत. मी तेव्हा शाळेत होते. त्यांना आराम मिळतोय अशीच घरात सगळ्यांची समजूत होती. तिच्या कापडी झोळीत कंबर मागे पडते, गुडघे वर येतात, एकाही स्नायूला काम उरत नाही. पुढे त्यांना पलंगाच्या कडेला क्षणभरही बसता येईना. दुपारी तासभर पडायला ती खुर्ची ठीक आहे, बसायला शिकण्याची जागा ती नव्हे.

आणि झोपाळा. संध्याकाळी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसायचं हे जवळजवळ प्रत्येक पेशंटचं स्वप्न असतं, ते मला कळतं. पण हलती बैठक ही वरची इयत्ता आहे. स्थिर जागेवर आधाराविना पाच मिनिटं बसता आलं, दोन्ही बाजूंना वाकून परत येता आलं, की मी स्वतः समोर उभी राहून बसवते. त्याआधी एकट्याने नाही.

चारी बाजूंनी उशा लावल्या तर सुरक्षित नाही का?

जेवताना, थकल्यावर किंवा तुम्ही स्वयंपाकघरात असताना जरूर लावा. पाठीशी लोड, दुबळ्या हाताखाली उशी. पण सरावाच्या दहा मिनिटांत उशा काढा आणि स्वतः जवळ बसा. सगळीकडून टेकू असला की शरीराला आपण कलतोय हे कळतच नाही, आणि जे कळत नाही ते सावरताही येत नाही. टेकू एकेक करून काढायचा. आधी बाजूची उशी, मग पाठीची, शेवटी हाताचा आधार.

बाबा एका बाजूला कलतात, आणि सरळ करायला गेलं की जोर लावून आणखी तिकडेच ढकलतात. हट्ट करतात का?

अजिबात नाही. पक्षाघाताच्या काही पेशंटांमध्ये असं होतं. ते चांगल्या हातापायाने स्वतःला दुबळ्या बाजूकडे रेटतात आणि तुम्ही मध्यावर आणलंत की घाबरतात. एक मच्छीमार काका अशा वेळी मला गच्च धरून ओरडायचे, “मी पडतंय, माका धर!” तेव्हा ते खरं तर सरळ बसलेले असायचे. त्यांचा मुलगा चिडायचा. त्याची चिडचिड मला समजत होती, पण काकांची भीती खरी होती.

जर्मनीतले मेंदूतज्ज्ञ हान्स-ओटो कार्नाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवलं की अशा पेशंटांची, स्वतःचं शरीर सरळ कधी असतं ही जाणीवच साधारण 18 अंशांनी सरकलेली असते. डोळ्यांनी मात्र समोरची वस्तू उभी आहे की तिरकी हे त्यांना नीट कळतं. उपाय याच फटीतून निघतो. डोळ्यांना साक्षीला घ्यायचं.

काकांना मी पडवीच्या खांबासमोर बसवायची. “खांब बघा. आता तुमचा सदरा बघा. बटणांची ओळ खांबासारखी आहे का?” ते बघायचे आणि स्वतःच म्हणायचे, नाही. मग सरळ व्हायला मी रेटायची नाही. आपण ढकललं की ते उलट ढकलतात. चांगली बाजू भिंतीकडे ठेवून बसवायचं आणि सांगायचं, “खांदा भिंतीला लावा.” चांगला हात पलंगावर टेकू द्यायचा नाही, कारण तोच रेटतो. तो मांडीवर तळवा वर करून ठेवायचा किंवा त्या बाजूच्या स्टुलावरची वस्तू घ्यायला पाठवायचा. आम्ही जाळ्याची सुई ठेवायचो. तिसऱ्या आठवड्यात ते माझ्या सांगण्याआधीच खांबाकडे बघायला लागले.

बहुतेकांमध्ये ही सवय सहा महिन्यांत ओसरते. तोवर घरच्यांनी आवाज चढवू नये, एवढीच विनंती.

डावीकडे ठेवलेलं ताट आईला दिसतच नाही. डोळे तपासले, ठीक आहेत.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की बऱ्याचदा डाव्या बाजूचं भान हरपतं, नजर शाबूत असली तरी. बोलायला तिच्या डाव्या बाजूला बसा, डावा हात तिच्याच उजव्या हाताने चोळून घ्या, जेवणात ताट फिरवायला शिकवा. आणि लक्ष ठेवा, डावा हात खुर्चीच्या बाहेर लोंबकळून दाराच्या चौकटीत चेंगरू शकतो.

घरी नेमका कोणता सराव करून घ्यायचा?

आधी नुसतं बसणं. पाय टेकलेले, हात मांडीवर, नजर समोर. तुम्ही समोर किंवा दुबळ्या बाजूला. किती सेकंद आधाराविना बसता येतं ते मोजा. अर्ध्या मिनिटावर आलात की वजन एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर न्यायला सांगा, तेही सावकाश. मग मान वळवून मागचं दार बघणं, हळूच वर आढ्याकडे बघणं.

त्यानंतरचा सगळ्यात मोलाचा सराव म्हणजे हात लांबवणं, तोही हाताच्या लांबीपलीकडे. ऑस्ट्रेलियातल्या कॅथरीन डीन आणि रोबर्टा शेफर्ड या दोघी फिजिओथेरपिस्टनी 1997 मध्ये पक्षाघाताला वर्ष उलटून गेलेल्या 20 जणांवर हे तपासलं. काहींनी दोन आठवडे हाताच्या पल्ल्याबाहेरच्या वस्तूंपर्यंत पोचण्याचा सराव केला, बाकीच्यांनी हाताच्या पल्ल्यातलीच कामं केली. पहिल्या गटातल्या लोकांचा हात जास्त लांब आणि लवकर पोचायला लागला, आणि दुबळ्या पायावर ते जास्त भार द्यायला लागले. दोन्ही गट बसूनच काम करत होते. फरक पडला तो वस्तू कुठे ठेवली होती यामुळे.

म्हणून मी घरात साधनं आणायला सांगत नाही, वाटी सरकवायला सांगते. गेल्या मे महिन्यात एका आजींकडे कोकमं फोडायचं काम चाललं होतं. त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, पायाखाली चिरा, समोर उंच स्टूल. फळांची टोपली उजवीकडे, टरफलं टाकायचं सूप डावीकडे, म्हणजे दुबळ्या बाजूला, आणि हात जेमतेम पोचेल त्याच्या चार बोटं पलीकडे. फोडून देत होती सून, आजींचं काम टरफल सुपात टाकायचं. पहिल्या चार-पाच वेळा डावी टाच उचलली गेली. मी खाली बसून गुडघ्यावर हात ठेवला आणि टाचेकडे दाब दिला. सहाव्या की सातव्या टरफलाला ती टाच चिऱ्यावर रुतली, मांडीचा स्नायू हाताखाली घट्ट झाला, आणि आजी सुपापर्यंत जाऊन परत मध्यावर आल्या. त्यांना हे काहीच कळलं नव्हतं. त्या सुनेला सांगत होत्या की मीठ कमी पडलंय.

तुमच्या घरात जे काम असेल ते घ्या. तांदूळ निवडणं, जाळं सांधणं, पानाच्या डब्यातून सुपारी काढणं. वस्तू पुढे ठेवा, मग बाजूंना, मग पायाजवळ, शेवटी खांद्याच्या वर. कोयता, अडकित्ता, विळी मात्र तोल पक्का होईपर्यंत दूर. दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं हे एकदम तासभर करण्यापेक्षा चांगलं. चेहरा ओढला गेला, श्वास कोंडला, बोलणं तुटक झालं की थांबा.

बसवलं की चक्कर येते. मग राहू दे का?

राहू देऊ नका, टप्पे पाडा. बरेच दिवस आडवं राहिल्यावर उठताना रक्तदाब उतरतो. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 नी पडला तर डॉक्टरांना सांगा, कधी औषधांची मात्रा बदलावी लागते. आधी डोक्याकडून उंच करा, पाच मिनिटं थांबा, पाऊल वर-खाली हलवून घ्या, मग पाय खाली सोडा. घाम सुटला, ओठ पांढरे पडले, नजर हरवली की लगेच आडवं करा.

मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर उलट धोकाही असतो. अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, घाम, रक्तदाब वर. अशा वेळी आडवं करू नका. बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी कुठे मुडपली आहे का बघा आणि तातडीने डॉक्टर गाठा.

उचलून बसवताना कुठे धरायचं?

दुबळ्या हाताला ओढायचं नाही, काखेत हात घालूनही नाही. पक्षाघातात खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात, सांधा खाली उतरतो, आणि ते दुखणं महिनोन्‌महिने राहतं. पेशंटला कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा, मग एक हात खांद्याच्या पात्याखाली आणि एक खुब्यावर ठेवून वर आणा. कंबरेला रुंद कापडी पट्टा बांधला तर तुम्हाला धरायला जागा मिळते.

तोच पट्टा किंवा लुगडं वापरून पेशंटला खुर्चीला बांधून ठेवू नका. मी असं दोन घरांत पाहिलं. दोन्हीकडे माणसं प्रेमळ होती आणि घरात हात कमी होते. पण बांधलेला माणूस खाली घसरतो आणि कापड छातीवर, गळ्याशी येतं. त्या वेळात पलंगावर कुशीवर झोपवून ठेवलेलं बरं.

जमिनीवर पाटावर कधी बसता येईल? गणपती जवळ आलेत.

हा प्रश्न श्रावणात हमखास येतो, आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. आरतीला सगळे खाली आणि आपण एकटे खुर्चीत, हे लागतं माणसाला.

खुब्याचा सांधा बदलला असेल तर सर्जनने मोकळीक देईपर्यंत मांडी घालणं, खाली बसणं, पायावर पाय टाकणं बंद. सांधा निखळू शकतो. पक्षाघातात मात्र बऱ्याच जणांना पुढे जमतं. मांडी घातली की कंबर मागे पडते, म्हणून कुल्ल्यांखाली घोंगडीची चार बोटं जाड घडी द्या, पाठ भिंतीशी. खरी अडचण उठण्याची असते. आधी एका बाजूला कलून गुडघ्यांवर यायचं, पुढे जड खुर्ची किंवा पलंग, त्यावर हात, चांगला पाय पुढे, मग वर. हे तुमच्या थेरपिस्टसमोर करून बघितल्याशिवाय चतुर्थीच्या दिवशी पहिला प्रयोग करू नका. या वर्षी नाही जमलं तर उंच चौरंगावर बसवा.

सारखं बसून कुल्ल्यावर लाल चट्टा आला आहे.

बोटाने दाबून बघा. लाली जात नसेल तर त्या जागेवर आज बसवू नका. बसलेलं असताना दर पंधरा ते तीस मिनिटांनी वजन हलवायचं, पुढे वाकून किंवा बाजूला कलून. आपल्याकडच्या दमट हवेत रेग्झिनच्या गादीवर घाम साचतो, तिच्यावर सुती चादर टाका आणि ती ओली झाली की बदला. मधे भोक असलेली हवेची रिंग बऱ्याच घरांत आणतात. ती नको. कडेच्या कातडीवर दाब येऊन रक्त आणखी अडतं. त्वचेला संवेदना नसेल तर रोज आरशाने बघा.

जेवताना ठसका लागतो.

पूर्ण ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटे घास. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसू द्या. पेज पातळ असली की घशात लवकर धावते, त्यामुळे ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या. तोवर माशाचे काटे स्वतः काढून द्या.

लहान मुलगी वर्षाची झाली, अजून बसत नाही. कोपऱ्यात उशा लावून बसवतो.

वाट बघू नका. नऊ महिन्यांपर्यंत आधाराविना बसणं यायला हवं. अंगणवाडीत सांगा. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं, आणि तिथे तपासणीला पैसे लागत नाहीत. “आमच्याकडे सगळी उशिराच बसतात” हे वाक्य मी खूप घरांत ऐकलं आहे. त्यात गेलेले महिने परत आणता येत नाहीत.

दवाखान्यात नेताना रिक्षात कसं बसवायचं?

मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक माणूस, दुबळ्या बाजूला अनुभवी. पाय टेकत नसतील तर खाली पिशवी. वळणाआधी “आता डावीकडे” असं सांगा, शरीर तयारी करतं. दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटीतून जाणार असाल तर पेशंटला गाडीतून उतरवू नका.

किती दिवसांत फरक दिसेल?

तारीख मी कोणालाच देत नाही. मोजमाप देते. आम्ही बसण्याच्या तोलाची 14 कृतींची, 56 गुणांची एक चाचणी वापरतो. घरी तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत सेकंद लिहा. 4, 4, 7, 5, 11. मधे आकडा खाली येईल, ताप, जुलाब, वाईट झोप, काहीही कारण असतं. महिन्याचं पान उलटताना पहिला आणि शेवटचा आकडा बघा.

छान बसायला लागले होते, आज सकाळी अचानक पुन्हा कलायला लागले.

हा सरावाचा प्रश्न नाही. तोंड वाकडं झालंय का, हात खाली पडतोय का, बोलणं जड आहे का बघा. यातलं काहीही नवीन असेल तर 108 ला फोन करा. पाणी, औषध, काहीही तोंडाने देऊ नका. पक्षाघातातली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्या घाटरस्त्यांवर त्यातले दोन सहज जातात. म्हणून ते शेवटचे बरे कधी दिसले होते ती वेळ कागदावर लिहून सोबत घ्या. आणि सीटी स्कॅन असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आजच विचारून त्याच कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.